जुनं दुखणं

त्या राज्यात घाटापलीकडे मीठ जनावरांच्या पाठीवरून जाई, आणि कोणी किती वाहायचं हे गळ्यातल्या दोऱ्यांवर ठरे. दर दुखण्याचा एक दोरा. खोकल्याचा हलका, सांध्यांचा त्याहून भारी, छातीचा सगळ्यांत भारी. बांधायचे बगळ्याने, बेरीज करायची मुंगसाने. बेरीज ठरल्या आकड्यावर गेली की जनावर सावलीत बसे. साल पालटलं की जुने दोरे कापून नव्याने बांधायचे; गेल्या सालचा दोरा यंदा चालत नसे. व्यवहार म्हणून चोख.

भोजा रेडा उजव्या डोळ्याने आंधळा, गुडघ्यांत अधू, आणि छाती उभ्या उभ्या भात्यासारखी वाजणारी. कित्येक सालं तो सावलीतच होता. यंदाही निर्धास्त होता.

बगळ्यापुढे मोठी रांग. भोजाच्या पुढच्या तट्टाने शिंक, खाज, शेपटीला येणाऱ्या मुंग्या, सगळं सांगून गळा भरून घेतला. बोलणाऱ्याची बोरं खपतात. भोजाची पाळी आली तोवर बगळा पार शिणला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "काय भोजाबाबा, नवं काही?"

"नवं कुठलं आता. तेच आपलं."

"बरंय म्हणजे," म्हणत बगळ्याने पुढच्याला बोलावलं.

नाक्यावर मुंगसाने भोजाच्या गळ्याखाली पंजा फिरवला. काहीच लागलं नाही.

"दोरे कुठं, बाबा?"

"तुला ठाऊक नाही होय माझं? सावलीत आणून बसवायचास तूच."

"माझ्या ठाऊक असण्याला वजन नाही, बाबा. दोरा हवा. आणि बगळा तर गेला उडून, आता पुढल्या सालीच."

"या छातीने वरच्या वळणापर्यंत नाही रे पोचायचा मी."

मुंगसाने पुन्हा एकदा त्याच्या गळ्याखाली पंजा फिरवून पाहिला. मग म्हणालं, "बेरीज शून्य. धडधाकट. दोन गोण्या."

गोण्या चढल्या. भोजा निघाला तो आंधळ्या अंगाने थेट दरीकडेच. मुंगूस धावलं. वेसण दातांत धरून त्याने त्याला हळूच वाटेवर वळवलं, पुढचा उंच दगड टाळून सपाट जागेवरून नेलं, आणि धाप बसेपर्यंत त्याच्याजवळ उभं राहिलं. मग वेसण सोडली.