लाजाळूची वाट

माझी लेक शाल्मली पाहुण्यांना नमस्कारच करत नाही, या काळजीनं मला रात्री झोप लागेना. शेवटी तिला गोष्ट सांगितली.

एका संस्थानात बागा आखून देणारी पहिली बाई म्हणजे द्वारकाताई. संस्थानिकांनी तिला बजावलं, "आम्ही आलो की झाडांनी वाकलं पाहिजे. नाहीतर काम गेलं समजा."

तिनं वाटेवर लाजाळू लावलं. सरकारांचा पाय लागताच पानं मिटली. सरकार खूश. तेवढ्यात बागेत शेळी शिरली, तिच्यापुढेही पानं मिटली.

सरकार भडकले, "शेळीलाही मान?"

"मान नव्हे सरकार, भीती," द्वारकाताई म्हणाली. "जरा लांब उभे राहा, आपोआप उघडतील."

आता यातून नमस्कार शिकवायचा कसा, मीच गोंधळले.

शाल्मलीनं विचारलं, "मग ते गेले का लांब?"