एकतिसावं इंजिन

“आन् ह्याला हात कुठनं लावायचा?” केरबा मिस्त्रींनी विचारलं.

मुकुंद पेठकर ओसरीवर पसरलेल्या आपल्या कागदाकडे बघतच राहिला. तो शाबासकीची वाट बघत होता, आणि मिस्त्रींचं हे भलतंच.

“हात लावायचं कामच नाही, मिस्त्री. तीच तर गंमत आहे.”

मुकुंद टेक्निकल शाळेत ड्रॉइंग शिकवायचा आणि उरलेल्या वेळात, कुठल्याच रुळावर कधी न धावलेली वाफेची इंजिनं काढायचा. नाद म्हणा, खूळ म्हणा. वाफेची अक्कल मात्र त्याला केरबांनी दिली होती, तीन वर्षं, दर रविवारी.

केरबांची हयात रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. काम मनासारखं झालं की ते चाकावर खडूने बरोबरची खूण करत. ती दिसल्याशिवाय ड्रायव्हर इंजिनावर पाय ठेवत नसत. मुकुंदच्या तीस इंजिनांपैकी एकावरही ती खूण अजून पडली नव्हती.

हे एकतिसावं. यावर पडायलाच हवी होती. का, ते मुकुंदच्या खिशात होतं.

“बघा ना,” तो म्हणाला, “बाहेर एक दांडा नाही. बॉयलरखाली लांब शाफ्ट, त्याला बारा दात्यांची चाकं, सगळं पेटीत बंद. बघणाऱ्याला नुसती चाकं फिरताना दिसणार.”

“बेअरिंगं?”

“आत. तेलही आतच.”

केरबांनी उजवा हात उलटा केला आणि कागदावर, त्या पेटीवर टेकवला.

मुकुंदला ती सवय ठाऊक होती. गाडी थांबली की इंजिनाला फेरी मारायची आणि एकेका बेअरिंगला उलटा हात लावून बघायचं. तळहात कामाने निबर झालेला असतो, त्याला ताप उशिरा कळतो.

“न्हाई लागत,” केरबा म्हणाले. “मधी पत्रा हाय.”

“अहो, हे कल्पनेतलं इंजिन आहे! कल्पनेत तेल संपत नाही आणि बेअरिंग तापत नाही.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते जरा जास्त वाटलं.

केरबा कागदावर वाकले.

“ह्यो टोपीवाला कोण? मिशा वळखीच्या दिसत्यात.”

“तुम्हीच,” मुकुंद म्हणाला. “म्हटलं, सगळ्यात चांगल्या इंजिनावर आपले मिस्त्री हवेत.”

“आस्सं.”

केरबांचं बोट कागदावर मागे सरकलं. “आन् मागं डब्यात?”

“माणसं आहेत. खिडक्यांत.”

केरबांनी कोपरीच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. मुकुंद पुढे सरकला. पण खडू कागदावर टेकला नाही. केरबांनी तो त्याच्याच हातात दिला.

“मला बसवलंस तूच. तवा तूच सांग, मास्तर. बसू का?”

मुकुंद खडू धरून बसला. ‘बसा’ म्हणायला काय जात होतं? कागदावरचं इंजिन, कागदावरचा ड्रायव्हर. पण त्या पेटीआड एक बेअरिंग लाल होत चाललंय आणि मिस्त्री इंजिनाभोवती उलटा हात घेऊन फिरतायत, हे एकदा दिसलं ते हटेना.

“नका बसू,” तो म्हणाला.

“बरं.”

प्रकरण इथे मिटलं असतं. पण खिशातलं निमंत्रणाचं कार्ड त्याला टोचायला लागलं होतं. त्याने ते काढून केरबांपुढे ठेवलं.

“चष्मा आत ऱ्हायलाय,” केरबा म्हणाले. “वाच.”

“मिस्त्री, ते...”

“वाच की.”

मुकुंद वाचू लागला. त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनाची तारीख वाचली, शाळेचा हॉल वाचला. पुढच्या ओळीशी तो अडखळला. ती त्याने स्वतःच लिहिली होती आणि छापून आल्यावर चारदा कौतुकाने वाचली होती.

“...‘केरबा मिस्त्री यांनी... पास केलेली... एकतीस इंजिनं.’”

“कार्डं वाटली?” केरबांनी विचारलं.

“दोनशे.” त्याची मान वर होईना. “आज खूण मिळेलच असं धरून चाललो. मागच्या तिसांचं... ते कोण विचारतंय म्हटलं. तुमची खोटी सही मारावी तसं केलं मी, मिस्त्री. लाज वाटते.”

केरबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं मुकुंदला वाटलं. त्याच्या कानशिलांची आग होत होती आणि हातातला खडू घामाने ओला झाला होता.

“दोनशे घरी जाऊन सांगतो,” तो कसाबसा म्हणाला. “एकेकाला.”

केरबा सरकून जवळ आले. त्यांनी उजवा हात उलटा केला आणि मुकुंदच्या गालाला लावला. बराच वेळ, बेअरिंगला लावावा तसा.

“तापलंय...” ते म्हणाले. “हितं हात पोचतोय अजून.”