खारीचा चिंचोक्यांचा डाव

मुलांनो, एका आमराईतल्या डेरेदार आंब्यावर तांबड्या मुंग्या राहत असत. पाने ओढून जवळ आणायची आणि आपल्याच अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने ती शिवायची, असे त्यांचे घर. त्याच आंब्याच्या ढोलीत एक खार होती. तिला एक खोड होती. कुठे गोंधळ दिसला की ती धुळीत चिंचोक्यांचा डाव मांडून बसे. वरच्या फांदीवरचा कावळा तिला हसे, पण हसण्याने खोड थोडीच जाते?

एके सकाळी माकडाच्या उडीने मुंग्यांचे घर फाटले आणि अंडी उघडी पडली. अजून ती सावलीत होती, पण ऊन सरकत येत होते, आणि वैशाखातल्या उन्हात अंडी वाचत नाहीत. एरवी मुंग्या सगळ्या मिळून एकेक पान शिवत. आज घाई, म्हणून त्यांनी दोन टोळ्या केल्या, एक पाने ओढणारी आणि एक अळ्या आणणारी. दोघींनी आपापला नियमही केला. ओढणाऱ्या म्हणाल्या, अळी आल्याशिवाय पान धरणार नाही, उगाच दम जातो. आणणाऱ्या म्हणाल्या, पाने जुळल्याशिवाय अळी बाहेर काढणार नाही, ती भाजेल. दोन्ही नियम कसे शहाणपणाचे! काम मात्र तसूभरही पुढे सरकेना. टोळ्या एकमेकींना कामचुकार म्हणू लागल्या, आणि ऊन अंड्यांपासून वीतभरावर आले.

खार धावतच खाली उतरली. धुळीत तिने रिंगणे काढली: दोन टोळ्यांची दोन, पाने जुळल्याचे एक आणि अळी आल्याचे एक. टोळ्यांच्या रिंगणांत एकेक चिंचोका ठेवला आणि मुंग्यांचेच नियम लावून ती ते पुढे सरकवू लागली. एकही हलेना. हा थांबला त्याच्यासाठी, तो थांबला ह्याच्यासाठी! खारीची शेपटी आनंदाने थरथरली. आळशी कोणीच नव्हते, अडले होते ते नियमांच्या गाठीत.

कावळा वरून म्हणाला, "चिंचोक्यांनी कधी घर बांधले आहे का?"

खारीचे डोळे चिंचोक्यांवरच होते. तिने डावातले दोन्ही नियम काढून टाकले. तर अळीचा चिंचोका आधीच येऊन पोहोचला आणि पाने अजून लांबच. म्हणजे अळी भाजली असती. तिने तो मागे ठेवला आणि फक्त ओढणाऱ्यांचा नियम काढला. आता सुरुवात कुठूनही केली तरी डाव शेवटाला जाऊ लागला. पुन्हा मांडला, पुन्हा गेला.

"ओढणाऱ्यांनो, कोणाची वाट पाहू नका!" ती ओरडली. "पाने जुळवा आणि शिवण होईपर्यंत सोडू नका."

मुंग्या पानांना भिडल्या. कडेला कड लागली तशा अळ्या आल्या, धागा सरसर फिरू लागला. ऊन पोहोचले ते थेट नव्या छपरावर, आणि खाली अंडी गार सावलीत राहिली. मुंग्यांना तर नाचू की रडू असे झाले.

खारीने आता वर पाहिले. "घर मुंग्यांनीच बांधले, कावळेदादा. पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आज पुढे चिंचोके होते."

तात्पर्य : अनेकांनी एकाच वेळी करायच्या कामात प्रत्येकाचा नियम शहाणा असून भागत नाही; कोण कोणासाठी थांबणार आहे, ते आधी मांडून पाहावे.