डावीकडचा रणगाडा

एकदा एक दफेदार रणगाड्याचा कमांडर व्हायला शिकत होता. आडनाव खिलारे. हुशार, कष्टाळू, फक्त त्याच्या पोटात निंबाळकर नावाचं दुखणं होतं.

निंबाळकर त्याच्याच तुकडीतला. शिक्षण चाले सिम्युलेटरवर: बंद खोलीत रणगाड्यासारखी आसनं, दुर्बिणीत संगणकाने रचलेलं वाळवंट. निंबाळकर त्यातून बाहेर आला की सगळे "वा!" म्हणत, अन् खिलारेच्या घशाखाली चहा उतरत नसे. परीक्षेत जो पहिला येईल, त्यालाच तुकडीच्या आघाडीचा रणगाडा मिळणार होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांना शिकवणारे म्हातारे उस्ताद म्हणाले, "आज दोघं एकत्र निघा. निंबाळकर डावीकडं, खिलारे उजवीकडं." आणि सराव सुरू होताच त्यांनी एक बटण दाबून खिलारेच्या वाळवंटातून निंबाळकरचा रणगाडा गुपचूप पुसून टाकला.

"गेला कुठं हा?" खिलारेची दुर्बीण डावीकडे भिरभिरू लागली.

"दफेदारजी, उजव्या टेकडीमागं धूळ उडतेय," तोपची म्हणाला.

"थांब रे! पठ्ठ्या पुढं निघून गेला वाटतं. चालक, दामट!"

"धूळ जवळ आली, दफेदारजी. हुकूम?"

हुकूम सुटलाच नाही. धडाका झाला, पडदा लाल झाला.

खिलारे तणतणत बाहेर आला. "उस्ताद, यंत्र बिघडलंय. निंबाळकर दिसलाच नाही!"

"मीच पुसला त्याला," उस्ताद शांतपणे म्हणाले. "बाळा, दुर्बीण कुठे वळली याची नोंद यंत्र ठेवतं. वीस मिनिटांपैकी सोळा मिनिटं तू डावीकडे पाहत होतास. तिथे निंबाळकर नव्हता. होता तो तुझा मत्सर. मत्सराला समोर माणूस असावाच लागतो असं नाही, रिकामी जागाही त्याला पुरते. शेजारच्या दुकानातली गर्दी न्याहाळणाऱ्याच्या दारातून त्याचं स्वतःचं गिऱ्हाईक परत जातं. इथे तर तिघांचा जीव जातो."

खिलारे वळला आणि पुन्हा सिम्युलेटरमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. दोन गुणांनी निंबाळकरच पहिला आला, आघाडीचा रणगाडाही त्यालाच मिळाला. खिलारेचा रणगाडा मात्र पहिल्यांदाच शेवटपर्यंत शाबूत राहिला.

कँटीनमध्ये निंबाळकरने छाती फुगवून विचारलं, "काय खिलारे, शेवटचं वळण कसं घेतलं मी? पाहिलंस ना?"

"नाही रे," खिलारे चहाचा घोट घेत म्हणाला, "सवडच झाली नाही."