वेताचा मुकुट

त्या रानात राजाचा मुकुट वेताचा होता, आणि खुरांना पकड नसल्यामुळे तो कोणाही राजाला स्वतःच्या डोक्यावर चढवता येत नसे. माकडांना हात होते, पण माकडांना दरबारात कोण घेणार? तेव्हा मुकुट नेहमी दुसऱ्या कोणीतरी चढवायचा, अशी पद्धत पडून गेली होती आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वेळी गादीवर रानडुक्कर होता. गादी त्यानं कशी बळकावली हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनीच त्याला मुजरे घातले होते. नदीपलीकडे मात्र एक तरुण सांबर वाढत होता, परक्यांच्या दारात, देतील तो पाला खाऊन. राजवंशाचा एक बारीकसा धागा त्याच्यापर्यंत पोचत होता, असं त्याची आई म्हणे. ती इकडेच, डुकराच्या राज्यात राहत होती. रानात तिला आईसाहेब म्हणत. आपलं पोर राजा व्हावं एवढं एकच तिनं मनात धरलं होतं, आणि त्यापायी तिनं कोणाकोणाच्या विनवण्या केल्या ते तिचं तिलाच माहीत.

शेवटी सांबर नदी ओलांडून आला. माळावर दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि वर डोंगराच्या धारेवर आपला कळप घेऊन गवा उभा राहिला. त्याच्याएवढं दांडगं जनावर रानात दुसरं नव्हतं. डुकरानं त्याला निरोप धाडला की खाली ये. आईसाहेबांनीही धाडला. गव्यानं दोघांना एकच उत्तर दिलं, "बघू." आणि रवंथ करत राहिला.

खाली लढाई जुंपली. दुपार कलली तरी कोणी हटेना, तेव्हा डुक्कर चवताळून थेट सांबरावर धावला. सांबराचे सोबती एकेक करून आडवे झाले. सुळे अगदी छातीशी आले तेव्हा सांबरानं वर पाहिलं. गवा त्याच्याकडेच बघत होता. त्याचं तोंड अजून हलत होतं. हे सांबर पुढे कधीच विसरला नाही.

मग गवा उतरला. कळप माळावरून गेला आणि डुकराचा चिखल झाला. मुकुट उडून करवंदीच्या जाळीत अडकला होता, तो गव्यानं शिंगाच्या टोकानं अलगद उचलला.

"मान खाली करा, बाळराजे," तो म्हणाला.

सांबरानं मान खाली केली. रान दुमदुमलं. खोटं कशाला सांगा, गव्याचे डोळे तेव्हा खरंच भरून आले होते.

मुकुट डुकराच्या डोक्याच्या मापाचा. सांबराच्या कोवळ्या शिंगांवर तो ढिला बसे, मान वळवली की घसरे. पण त्याहून मोठी अडचण दरबारात निघाली. डुकराच्या बाजूनं लढलेल्यांची कुरणं काढून घ्यायची होती, पण ते तर गादीवरच्या राजासाठी लढले होते. त्यात गुन्हा कसला?

यावर करकोच्यानं तोड काढली. करकोचा जुना मुत्सद्दी, कोणत्याही राज्यात एका पायावर तग धरून राहणारा. तो म्हणाला, "महाराजांचं राज्य लढाईच्या आदल्या दिवशीच सुरू झालं, असं जाहीर करावं. म्हणजे त्या दिवशी जो महाराजांच्या बाजूनं उभा नव्हता, तो आपोआप द्रोही ठरतो."

दरबारानं माना डोलावल्या. डुकराच्या बाजूनं लढलेलं, कडेला बांधून आणलेलं म्हातारं साळिंदर तेवढं बोललं. "अहो, आदल्या दिवशी तुम्ही सगळे डुकराला मुजरा घालत होतात. त्याचं काय करायचं?"

पहिला हसला तो गवा. अगदी खदखदून. "बरोबर आहे करकोच्याचं. ठरलं म्हणजे ठरलं. नंतर कोणी कुरकुर करायची नाही," तो म्हणाला. साळिंदराला फरफटत नेलं. डुकराची खोऱ्यातली हिरवी कुरणं गव्याच्या कळपाला मिळाली.

पुढं काही वर्षं बरी गेली. गवा दरबारात सगळ्यांत पुढे बसे आणि राजाला चारचौघांत बाळराजेच म्हणे. त्यात त्याची माया होती, दुसरं काही नव्हतं. राजाला मात्र तो शब्द काट्यासारखा टोचत होता.

मग वावडी उठली की नदीपलीकडे डुकराच्या घराण्यातलं एक पिल्लू जिवंत आहे आणि सैन्य जमवतंय. तळ्यावर पाणी पिताना कोणीतरी गव्याला विचारलं, खरंच आलं ते तर काय करणार? गव्यानं मान वरसुद्धा केली नाही. "बघू," म्हणाला.

दिवस मावळायच्या आत तो शब्द राजाच्या कानावर गेला.

"त्यानं तुला वाचवलं, बाळा," आईसाहेब म्हणाल्या. "मी स्वतः त्याला निरोप धाडला होता."

"आईसाहेब, तुम्ही त्याचं तोंड पाहिलं नाहीत. मी पाहिलंय. मला जगवावं की मरू द्यावं, हे तो चघळत होता."

त्या दोन पावलं मागे सरल्या. भ्याल्या होत्या. गव्याला नव्हे, पोराला.

पण नुसतं "बघू" म्हणणं हा काही गुन्हा होत नव्हता. करकोच्यानं पाय बदलला आणि भर दरबारात विचारलं, "लढाईच्या दिवशी राजा कोण होता?"

"बाळराजेच की. आदल्या दिवसापासून," गवा म्हणाला. म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं.

"मग आपला राजा जिवाच्या आकांतानं लढत असताना तुम्ही दुपारपर्यंत धारेवर काय करत होतात?"

"पण मी उतरलो," गवा म्हणाला. तेवढा प्रचंड देह, पण आवाज एकदम लहान झाला. "बाळराजे, मी उतरलो होतो ना?"

राजा मुकुट सावरत दुसरीकडे बघत राहिला. गव्यानं मग आपल्यासाठी काही मागितलं नाही. कळपातल्या वासरांना हात लावू नका, एवढंच म्हणाला. राजानं ते कबूल केलं. रानकुत्र्यांनी गव्याला त्याच धारेवर नेऊन फाडलं. कळप खोऱ्यात चरत होता. एकाही जनावरानं मान वर केली नाही.

त्याची शिंगं दरबारातल्या वडाच्या खोडात ठोकली, सगळ्यांना दिसतील अशी. त्यानंतर राजा कोणालाच जवळ येऊ देईना. करकोच्याला नाही, आईलाही नाही. ढिला मुकुट निजताना काढावा तर लागेच. मग तो खोडापाशी जाऊन डोकं हलवी आणि मुकुट शिंगात अडकवून ठेवी. दुसरी जागाच नव्हती.

सकाळी दरबार भरण्याआधी तो सगळ्यांना बाहेर काढतो. एकटाच वडापाशी जातो, गव्याच्या शिंगाखाली उभा राहतो, आणि मान खाली करतो.