दंडावरचा बिल्ला

"खोटा कसा म्हणतो तो? सांगा ना मास्तर, खोटा कसा?"

मी बिल्ला मशीनवर आपटला. बाबालाल मास्तरांनी शिवण थांबवली नाही.

"आपटू नकोस. सुई मोडेल."

बाबालाल मास्तर म्हणजे छावणीच्या बाजारातले जुने शिंपी. पन्नास वर्षं त्यांनी फौजी वर्द्या शिवल्या, दंडांवर कापडी बिल्ले टाकले. आता नजर निम्मी गेली आहे. तरी असला बिल्ला अस्सल की नकली, हे विचारायला लांबलांबचे संग्रहवाले त्यांच्याकडे येतात.

माझा संग्रह नाही. माझ्याकडे एकच बिल्ला. माझ्या थोरल्या भावाचा, नवनाथदादाचा.

दादा फेब्रुवारीत गेला. डोंगरावरच्या ठाण्यावर, सुरुंगाच्या स्फोटात. पेटी आली ती बंद. उघडू नका, म्हणाले. आम्ही उघडली नाही.

"कोण म्हणालं खोटा?" मास्तरांनी विचारलं.

"मोहिरे. शहरातला संग्रहवाला. शाळेत दादाच्या वस्तूंचं काचेचं कपाट करायचं होतं, म्हणून सरपंचांनी त्याला बोलावला. त्यानं जुनं-नवं ओळखायचा निळा दिवा धरला आणि भर ओट्यावर, आईच्या तोंडावर म्हणाला, हा कधी घातलेलाच नाही, नवा आहे, नकली आहे. वर हसला. मी गचांडी धरली त्याची. दोन ठेवून दिल्या."

"मग? झाला खरा?"

मला त्यांच्याही दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या.

"थट्टा करू नका मास्तर. तेव्हापासून आई म्हणते, बिल्ला नवनाथचा नाही, तर पेटीत पण नवनाथ नव्हता. रोज त्याचं ताट वाढते. ताटावर झाकण ठेवून बसते. मी सांगितलं, भावकीनं सांगितलं. ऐकत नाही. मला कागद पाहिजे. हा खरा आहे, असं लिहा. खाली सही करा."

मास्तरांनी आता पायडलवरून पाय काढला.

"बिल्ला कुठून बघतात?"

"कुठून म्हणजे? समोरून."

"समोरून सगळेच अस्सल असतात, लेका."

त्यांनी बिल्ला उलटा केला. डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याचं नख कडेकडेनं फिरवलं, सावकाश, एखाद्या गुराचे दात बघतात तसं. एका कोपऱ्यात दोऱ्याचा तुकडा अडकला होता. तो त्यांनी चिमटीत धरून पाहिला.

"भोकांच्या दोन रांगा आहेत. एका शर्टावरून उसवला, दुसऱ्यावर टाकला. दोरा दुहेरी, गाठ हरभऱ्याएवढी. हा शिंप्याचा टाका नाही. खाटेवर बसून शिपायानं घातलेला टाका आहे. नकली करणारा इतकं वाईट शिवत नाही."

"म्हणजे खरा!"

"खरा."

"मग मोहिरे खोटारडा! मी आजच जातो त्याच्याकडे, त्याचा तो दिवा..."

"बस खाली."

मास्तरांनी दुकानाचं दार लोटलं. खणातून तसलाच निळा दिवा काढून लावला. अंधारात बिल्ला उजळला. निळा-पांढरा, लख्ख.

"मोहिरे जे दिसलं ते बोलला. जुना सुती दोरा या उजेडात असा पेटत नाही. नवा माल पेटतो."

"तुम्ही पण त्याच्याच बाजूचे! आत्ता खरा म्हणालात, आता..."

त्यांनी माझं मनगट पकडलं आणि बाही दिव्याखाली ओढली. बाही तशीच पेटली.

"शर्ट कधीचा?"

"चार वर्षांचा."

"मग का उजळतो?"

मी बाही उलटून पाहिली.

"साबणाची पावडर. कापडात मुरून बसते. डोंगरावर महिनोन्महिने घातलेला बिल्ला मळका येतो. त्याला घामाचं मीठ असतं, बंदुकीचं तेल असतं, तिथली माती असते. हा घरी धुतलाय. चांगला घासून. एकदा नाही."

त्यांनी दिवा बंद केला. दार मात्र उघडलं नाही.

"कुणी धुतला?"

मी बाही खाली ओढली.

"कुणी धुतला, विचारतोय."

"मी."

बाहेर एक ट्रक गेला. दुकानातली काच थरथरली.

"दादाचा दोस्त गाठोडं घेऊन आला होता," मी म्हणालो. "पेटीच्या आदल्या दिवशी. शर्ट होता, त्यावर हा. आई आत होती. मी गाठोडं घेऊन सरळ हापशावर गेलो. शर्ट धुऊन निघण्यासारखा नव्हता. तो मी पुरला. बिल्ला उसवला आणि धुतला. पाणी तीनदा बदललं. तरी लाल येत होतं. मग साबणाची पावडर टाकली, ब्रश घेतला."

"आईनं बघितलं?"

"नाही. बघू कसं देईन? वाळवला, इस्त्री केली, मग तिच्या हातात ठेवला. तिला म्हटलं, बघ, दादाचा बिल्ला कसा नव्यासारखा आहे."

मी हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

मग मला राग आला. मोहिरेचा नाही. कुणाचा ते कळेना, म्हणून मास्तरांवर काढला.

"मग काय चुकलं माझं? तसाच नेऊन देऊ तिला? तुम्ही दिला असता? आई आहे ती! लिहून द्या तुम्ही. खरा आहे ना? तुम्हीच म्हणालात ना खरा? मग लिहा!"

मास्तरांनी खणातून वही काढली. पेनाचं टोपण काढलं. कागदावर पेन टेकवलं आणि थांबले.

"आईला वाचता येतं?"

"नाही."

"कागद तिला कोण वाचून दाखवणार?"

"मी."

त्यांनी टोपण परत लावलं.

मी उभा राहिलो. लाथेनं स्टूल उडवलं. ते जाऊन चिंध्यांच्या ढिगात पडलं. मास्तर हलले नाहीत. मी ओरडत होतो आणि नाक पुसत होतो.

"मग मी तिला दाखवू काय? शर्ट नाही, डाग नाही, मी काहीच ठेवलं नाही... दाखवू काय तिला?"

मास्तरांनी बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला, उलटा.

"ज्यांनी धुतला," ते म्हणाले, "ते हात."