न वाकणारी गाडी

फार फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात नदीला दगडी बांध घालण्याचे काम चालले होते. दगडाची खाण वर पठारावर होती आणि नदी खाली दरीत. मध्ये एक लांब, वळणावळणांचा उतार होता. वर्षानुवर्षे गाडीवान त्या उतारावरून काळा दगड खाली नेत असत. लहानथोर वाचकहो, त्यांच्यापैकीच एका गाडीवानाची ही गोष्ट आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवणे उचित होय.

त्या भागातील दगडाच्या गाड्या इतर गाड्यांहून निराळ्या असत. साटी, म्हणजे ज्यावर ओझे ठेवतात तो भाग, थेट आसावर ठेवीत नसत. दोहोंच्या मध्ये कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, चिवट कांबी एकावर एक बांधून त्यांची कमान करीत. ओझे चढले की ती कमान दबे, साटी मागून खाली येई, आणि खडकाळ वाटेचे धक्के बैलांना कमी बसत.

दगड किती भरावा, याचा तेथे एकच नियम होता. खाणीवरचा मुकादम साटी आणि आस यांच्यामधील फटीत आपली मूठ घाली. मूठ सुखाने मावली तर आणखी दगड चढे. ती अडली की भरणे थांबे. दुसरे कोणतेही मोजमाप कोणाला ठाऊक नव्हते, आणि त्याची गरजही कोणाला वाटली नव्हती.

जी गाडी सर्वांत अधिक दगड घेई तिला रांगेत पहिली जागा मिळे. मागच्या साऱ्या गाड्या तिची धूळ खात जात.

आपल्या गाडीवानाची गाडी सदैव शेवटी असे. तिच्या कांबी जुन्या झाल्या होत्या. थोड्याच दगडांनी तिची पाठ बसे, पुढची दांडी वर उचलली जाई, आणि गळ्यातील पट्टे आवळून बैलांचा श्वास कोंडे. इतर गाडीवान त्याची थट्टा करीत.

“ही गाडी आहे की बसलेली म्हैस?” एकजण म्हणे. “उठत नसेल तर इथेच दूध काढून घे.”

गाडीवान हसे, परंतु ते हसू घरी पोहोचेपर्यंत टिकत नसे.

त्याची बायको रोज गाडीबरोबर येई. तो पुढे कासरा धरी; ती मागून चाले. उतार लागला की चाकाला घासून त्याचा वेग आवरणाऱ्या आडव्या लाकडाचा दोर तिला ओढून धरावा लागे. त्या उतारावर गाडी, बैल आणि नवरा, सर्वांचा भार तिच्या दोन हातांवर असे.

अखेर गाडीवान सुताराकडे गेला. सुताराने गाडी उलटीसुलटी पाहिली. मागे नव्या कांबींची दुहेरी कमान बसवितो, असे तो म्हणाला. त्याबरोबर आसाला गेलेली चीर आणि उताराचे झिजलेले लाकूड यांकडेही त्याने बोट दाखविले. तेही याच वेळी बदलावे, असे त्याचे मत पडले.

“ते कोण पाहतो?” गाडीवान म्हणाला. “तू साटी तेवढी उचलून दे.”

काम उत्तम झाले, यात शंका नाही. नेहमीचे ओझे घेऊनही गाडी सरळ उभी राहू लागली. दांडी खाली आली, बैलांचे गळे मोकळे झाले, आणि ते पूर्वीपेक्षा सुखाने चालू लागले. गाडीवान तेथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पण मुकादमाची मूठ आता सहज मावत होती. नियम तो नियम. आणखी दगड चढले. मूठ तरीही मावली. पुन्हा चढले. थोड्याच काळात गाडीला रांगेत पहिली जागा मिळाली, आणि म्हशीची थट्टा करणारे गाडीवान सुताराचे घर विचारू लागले.

एके दिवशी पाणी पीत असता थोरला बैल मान वर करून म्हणाला, “धनी, ओझे फार होते आहे.”

“गाडी तर तसूभरही वाकत नाही,” गाडीवान म्हणाला.

“पूर्वी ती वाकत होती, तेव्हा आमच्या वतीने बोलत होती,” बैल म्हणाला. “तुम्ही तिचे तोंड बांधलेत. म्हणून मला बोलावे लागले.”

गाडीवानाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि उद्या पेंड जास्त देतो, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी उताराच्या माथ्यावर बायकोने गाडी थांबविण्यास सांगितले. दोराने तिच्या तळहातांची साले निघाली होती.

“अहो, दोन दगड इथेच उतरवा.”

“सगळी रांग मागे उभी आहे. पहिल्या गाडीने दगड उतरविले, तर तोंड दाखवायला जागा राहील का?”

“गाडीची पाठ तुम्ही बांधलीत,” ती म्हणाली. “माझे हात कोणी बांधायचे?”

त्याने कासरा सैल सोडला.

पहिल्या वळणावर लाकूड चाकाला घासून धुमसू लागले. दुसऱ्या वळणावर ते मोडले. बायकोने दोर सोडला नाही; मनगटाभोवती गुंडाळलेला दोर सोडणे तिच्या हाती उरलेही नव्हते. सारे ओझे दांडीवाटे बैलांच्या मानेवर आले. थोरला बैल गुडघ्यांवर पडला, चीर गेलेला आस दुभंगला, आणि गाडी त्याच्या अंगावरून पुढे जाऊन कडेच्या खडकावर आदळली.

थोरला बैल तेथेच गेला. धाकटा वाचला, पण त्याची मान पुन्हा जुवाखाली जाण्याजोगी राहिली नाही. बायको जिवंत होती. मात्र तिच्या हातांनी पुढे कधी साधी लोटीही उचलली नाही.

मुकादम चौकशीस आला. मोडक्या गाडीपाशी वाकून त्याने सवयीने साटीखाली मूठ घातली. ती मावली. गाडीत दोष नव्हता, बैलच कमकुवत असावेत, असा निर्णय त्याने दिला. गाडीवानाने हात जोडून त्याला सांगितले की मूठ खोटी पडली आहे, हे माप आता बंद करावे. मुकादमाने त्याला शांतपणे विचारले, की इतके दिवस पहिली जागा घेताना हे का सुचले नाही?

पुढच्या हंगामात खाणीवरील प्रत्येक गाडीला दुहेरी कमान होती.

गाडीवान आता घरीच असे. दोन्ही वेळा तो बायकोला आपल्या हाताने भरवी. ती मुकाट्याने जेवी. तिचे ते मौन त्याला सहन होईना. एकदा घास हातात धरून तो म्हणाला, “एकदा तरी मला दोष दे. काहीतरी बोल.”

ती म्हणाली, “तेव्हा बोलले होते.”

आणि तिने घासासाठी तोंड उघडले.

तात्पर्य : ओझ्याने वाकणाऱ्याला आधार जरूर द्यावा, परंतु तो वाकेनासा झाला, म्हणून त्याचे ओझे वाढवू नये.